लेकरांचे बोल आणि आपले हसू

रविवारची उपासना संपून मंडळी मंदिराच्या आवारात आली, की बायकांच्या घोळक्यातून एक वाक्य हमखास कानी येते: “आमचं बाळ काल काय म्हणालं, ठाऊक आहे का?” मग ती गोष्ट सांगितली जाते, सगळ्याजणी हसतात, आणि लगेच दुसरी आई आपल्या लेकराची गोष्ट पुढे करते. उपदेशातले मुद्दे घरी पोहोचेपर्यंत निसटून जातील, पण लेकराचे बोल आठवडाभर घरात घोळत राहतात. यात वावगे काही नाही. ज्या घरात लेकराच्या बोलण्याला कोणी हसत नाही, ते घर काही अधिक धार्मिक असते असे आम्हांस वाटत नाही.

आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. लेकरू काही गमतीचे बोलले, आपण पोटभर हसलो. एवढ्यावर आपले काम संपले काय? हसू ओसरल्यावर त्या लेकराचे आपण काही देणे लागतो काय? प्रश्न क्षुल्लक दिसतो, पण तो नीतीचा प्रश्न आहे. कारण घरात सर्वांत लहान आणि सर्वांत दुबळे जे माणूस आहे, त्याच्या शब्दाला आपण काय किंमत देतो, हे त्यावरून कळते.

आधी हसण्याबद्दल बोलू. आमचे बोरगाव निपाणी तालुक्यातले. घरात मराठी, रस्त्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तेव्हापासून मोठी माणसे भाषेवरून भांडत आली. लेकरांनी मात्र दोन्ही भाषा अंगणातल्या खेळण्यांसारख्या वापरल्या. कन्नडात ‘हौदु’ म्हणजे होय. शेजारची काकू कोणाशी तरी बोलताना पुन्हा पुन्हा ‘हौदु, हौदु’ म्हणत होती. चार वर्षांच्या एका पोराने ते ऐकले आणि आईला विचारले, “आये, काकूच्या घरी नळ आलाय की. मग ती सारखी हौद कशाला मागतीया?” आणखी एका घरची गोष्ट. कन्नडात ‘बा’ म्हणजे ये. शेजारणीने दारातल्या मुलीला मायेने हाक मारली, “बा, बा!” मुलीने जागचे न हलता उत्तर दिले, “बा न्हाई घरात. मळ्यात गेलाय.”

यावर हसू येणारच. पण थोडे थांबून पाहिले, तर दोन्ही लेकरांच्या बोलण्यात चूक म्हणावी अशी कोठे आहे? आपल्याजवळ असलेल्या शब्दांनी त्यांनी समोरच्या माणसाचा अर्थ लावला. काकूला पाण्याची अडचण असेल, असे पोराला वाटले. शेजारीण बापाला शोधत आली असेल, असे मुलीला वाटले. विचार पक्का होता, माहिती तेवढी अपुरी होती. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) हे तरुणपणी, १९२० च्या सुमारास, पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्यांवर काम करीत होते. मुलांची उत्तरे बरोबर किती आणि चूक किती, हे मोजायचे एवढेच ते काम. पण पियाजे यांचे लक्ष चुकलेल्या उत्तरांकडे गेले. एका वयाची मुले बहुधा एकाच तऱ्हेने चुकतात, असे त्यांना दिसले. म्हणजे त्या चुकांमागेही काही रीत होती. पुढे त्यांनी आपल्या स्वतःच्या तिन्ही मुलांचे तान्हेपणापासून निरीक्षण केले आणि मुलाची बुद्धी कशी वाढते, यावर जन्मभर लिहिले. लेकराच्या वेड्यावाकड्या बोलण्यात विचार असतो, ही गोष्ट आपल्या आज्या ओळखून होत्या. या विद्वानाने ती तपासून दाखवली.

पवित्र शास्त्राला हसण्याचे वावडे नाही. उलट, ज्याच्याद्वारे अब्राहामाला संतती मिळाली, त्या लेकराचे नावच हसण्यावरून पडले. इसहाक या इब्री नावाचा अर्थ ‘तो हसतो’ असा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात या एकाच धातूपासून आलेले शब्द निरनिराळ्या ठिकाणी आढळतात, आणि प्रत्येक ठिकाणचे हसणे निराळे आहे. अठराव्या अध्यायात सारा तंबूच्या दाराआडून हसते. ते अविश्वासाचे हसणे आहे. एकविसाव्या अध्यायात मूल कुशीत आल्यावर ती हसते, आणि ऐकणारे सगळे आपल्याबरोबर हसतील असे म्हणते. ते आनंदाचे हसणे आहे. त्याच अध्यायात, थोडे पुढे, हागारेचा मुलगा हसताना सारेला दिसतो, आणि पुष्कळ भाषांतरकारांनी तेथे चेष्टा असा अर्थ घेतला आहे. त्या एका हसण्यापायी घर फुटले. शब्दाचे मूळ एक, पण एक हसणे देवाच्या वचनावर शंका घेते, दुसरे देणगीचा स्वीकार करते, आणि तिसरे दुसऱ्याला खाली पाडते. लेकराच्या बोलण्यावर आपण हसतो, तेव्हा यांपैकी कोणते हसणे आपल्या ओठांवर असते, हे आपणच पाहावे.

लेकरू हे फार लवकर ओळखते. आपल्याबरोबर हसणारा कोण आणि आपल्याला हसणारा कोण, हे कळायला त्याला अक्षरओळख लागत नाही. ‘हौद’ म्हणणाऱ्या त्या पोराचेच घ्या. पहिल्या दिवशी तो खरोखर काकूच्या पाण्याची काळजी करत होता. संध्याकाळी बापाला ते सांगण्यात आले. बाप हसला, त्याने पोराला उचलून घेतले. येथवर सगळे गोड आहे. दुसऱ्या दिवशी मामा आला. “काय म्हणाला होतास रे? म्हणून दाखव मामाला.” तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. “सांग की साहेबांना.” आता त्याला काकूची काळजी उरलेली नाही. आता त्याला ठाऊक आहे, की हा शब्द उच्चारला म्हणजे मोठी माणसे हसतात. मग पोर दोनपैकी एका वाटेला लागते. एक तर ते नकली होते, हसू मिळवण्यासाठी मुद्दाम वेडेवाकडे बोलू लागते. नाही तर आईच्या पदराआड तोंड लपवते आणि मनात आलेले मोठ्याने बोलायचे नाही, हे शिकते. दोन्ही वाटांनी आपण त्याचा खरा शब्द गमावतो.

पूर्वी हे मामा आणि पाळक यांच्यापर्यंत थांबत असे. आता घरोघरी मोबाइल आहे. लेकराने तोंड उघडले, की त्याच्यासमोर आधी फोन येतो, मग आईचा चेहरा. क्षणभरात ती चित्रफीत पुण्या-मुंबईच्या, दुबईच्या नातेवाइकांकडे जाते, आणि तेथून कोठे जाते ते कोणीच सांगू शकत नाही. आजीला नातवाचा आवाज ऐकवावा, यात दोष नाही. दूर असलेल्या घरांना या साधनाने जवळ आणले आहे. पण लेकराचे रडणे, त्याचे अडखळणे, अंघोळीच्या वेळचे त्याचे बोलणे ही चारचौघांत मांडायची वस्तू आहे काय? आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरायची, तर आईबापांची संमती घ्यावी, असे तो कायदा म्हणतो. कायद्याने आपल्यावर विश्वास टाकला आहे. पण आईबापच जेव्हा लेकराची गंमत वाटून टाकतात, तेव्हा लेकराच्या वतीने ‘नको’ म्हणायला कोण उरते? ते पोर पंधरा वर्षांचे होईल, वर्गातल्या मुलांच्या हाती ती चित्रफीत पडेल, तेव्हा त्याला काय वाटेल, हा विचार पाठवण्यापूर्वी करण्याचा आहे.

येथे आम्हांस मरीयेची आठवण होते. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला आहे. तो ऐकत आहे आणि प्रश्न विचारत आहे. त्याच्या बुद्धीने आणि उत्तरांनी लोक थक्क झाले आहेत. शोधत आलेल्या आईबापांना त्याने दिलेले उत्तर त्यांना नीट उमगलेही नाही. अशा हुशार लेकराची आई नासरेथास परत गेल्यावर काय करते? विहिरीवर जमलेल्या बायकांना तिने सगळे सांगितले, असे लूक लिहीत नाही. तिने त्या सर्व गोष्टी आपल्या अंतःकरणात ठेवल्या, असे तो लिहितो. लेकराच्या काही गोष्टी सांगायच्या असतात आणि काही ठेवायच्या असतात. जी गोष्ट आपल्याला कळली नाही, ती तर ठेवायचीच असते. पुढे केव्हा तरी कळेल म्हणून.

आता दुसऱ्या, अधिक अवघड भागाकडे वळू. लेकराचे गमतीचे बोल पुष्कळदा प्रश्नच असतात. एका घरी रात्रीच्या प्रार्थनेत प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणून झाली, आणि पाच वर्षांच्या मुलाने विचारले, “देवाकडं नुसती भाकरीच का मागायची? कोरड्यास मागितलं तर तो रागावतो व्हय?” आमच्या भागात कालवण-भाजीला कोरड्यास म्हणतात, हे वाचकांस ठाऊक असेलच. घर हसले. पण त्या बापाने हसून झाल्यावर मुलाला मांडीवर घेतले आणि सांगितले, की भाकर म्हणजे जगायला लागणारे सगळे आले, त्यात कोरड्यासही आले. प्रभूने आपल्याला आजच्यापुरते मागायला शिकवले. आणि ‘माझी’ भाकर मागायला नव्हे, ‘आमची’ मागायला शिकवले. म्हणून शेजारच्या घरी चूल पेटली नसेल, तर आपली प्रार्थना अर्धीच झाली. या उत्तराला दोन मिनिटे लागली असतील. प्रार्थनेतील त्या मागणीवर याहून चांगले विवेचन मोठ्यांच्या शास्त्राभ्यासातही क्वचितच ऐकायला मिळते. ते निघाले कोरड्यासाच्या प्रश्नातून.

सगळेच प्रश्न इतके सोपे नसतात. निपाणीची तंबाखूची पेठ सर्वांना माहीत आहे. भोवतालच्या गावांचे पिढ्यान्‌पिढ्या त्या पिकावर आणि तिथल्या वखारींवर पोट चालत आले. १९८१ साली तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी योग्य भावासाठी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडले, आणि एप्रिल महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यापैकी काहींचे प्राण गेले. घराघरातून बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आल्या. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. आता समजा, शब्बाथ शाळेत बाई पहिल्या करिंथकरांस पत्रातील सहावा अध्याय शिकवीत आहेत. आपले शरीर देवाचे मंदिर आहे, म्हणून दारू-तंबाखूपासून दूर राहावे, असे त्या सांगतात. आणि सात वर्षांची एक चुणचुणीत मुलगी हात वर करून विचारते, “बाई, माझी आई विड्या वळती. त्या जो ओढतो, त्याचं अंग देवाचं मंदिर न्हाई का?”

वर्गात खसखस पिकेल. बाईंनाही हसू येईल, कारण प्रश्न फार नेमका आहे, आणि नेमक्या प्रश्नापुढे मोठ्या माणसाला पहिल्यांदा हसूच सुचते. पण हे हसू वेगळ्या जातीचे आहे. ते दाराला लावलेल्या कडीसारखे आहे. ‘काय बाई हुशार पोरगी!’ असे म्हणून आपण तिचे कौतुक करतो आणि त्याच कौतुकाने तिचा प्रश्न बंद करतो. तिला रागावणे हा दुसरा मार्ग. ‘मोठी झालीस म्हणजे कळेल’ असे सांगणे हा तिसरा. आणि काहीतरी खोटे सांगून वेळ मारून नेणे हा चौथा. यांतला एकही मार्ग त्या मुलीच्या उपयोगाचा नाही. कारण ती विनोद करत नाही. एका बाजूला तिची आई आहे आणि दुसऱ्या बाजूला देवाचे वचन आहे. दोघांवरही तिचे प्रेम आहे, आणि दोघांना एकत्र कसे ठेवायचे हे ती विचारते आहे.

मग बाईंनी काय म्हणावे? आमच्या मते त्यांनी खरे तेच, तिच्या वयाला झेपेल एवढे सांगावे. “होय बाळ, त्याचंही अंग देवाचंच मंदिर आहे. विडीनं माणूस आजारी पडतो, हे खरं आहे. आणि तुझी आई दिवसभर पाठ मोडून काम करते, त्यातून तुझी वही आणि तुझी भाकरी येते, हेही खरं आहे. तिला दुसरं काम मिळालं असतं, तर तिनं केलं असतं. ही अडचण तुझ्या आईची एकटीची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू, आणि मंडळीत मोठ्या माणसांशी मी बोलेन.” हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण ते बोलले म्हणजे पाळावे लागते. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली त्यांच्या कल्याण निधीचा कायदा झाला. म्हणजे या बायकांच्या हलाखीचा विचार देशाच्या संसदेने केला. त्याच मंदिरात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मंडळीने तो केला आहे काय? सात वर्षांच्या मुलीचा प्रश्न असा सरळ आपल्या वडील मंडळाच्या बैठकीपर्यंत जातो. म्हणूनच आपल्याला तो हसण्यावारी न्यावासा वाटतो.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील तिसरा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. रात्री लहान शमुवेल धावत एलीकडे येतो आणि ‘आपण हाक मारली’ असे म्हणतो. एली त्याला जाऊन झोपायला सांगतो. दमलेला कोणताही बाप हेच सांगेल. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी मात्र म्हाताऱ्याच्या ध्यानात येते, की या पोराला खरेच कोणीतरी हाक मारीत आहे. पण एलीचा खरा मोठेपणा सकाळी दिसतो. देवाने लेकराला जे सांगितले, ते एलीच्याच घराविरुद्ध होते, आणि सांगायला पोर भीत होते. एली त्याला काही लपवू नकोस म्हणून आग्रह करतो, सगळे ऐकून घेतो, आणि देवाची इच्छा म्हणून मान्य करतो. एलीच्या हातून आपल्या मुलांच्या बाबतीत पुष्कळ ढिलाई झाली होती. तरीही, लेकराच्या तोंडून आपल्याविरुद्ध आलेले सत्य न रागावता, न हसता ऐकावे कसे, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला असा, की लेकराच्या प्रत्येक बोलण्याला एवढे महत्त्व दिले, तर ते शेफारेल. ‘लहान तोंडी मोठा घास’ अशी म्हण आपल्या भाषेत उगीच पडलेली नाही. आमचे म्हणणे असे, की उत्तर दिल्याने लेकरू शेफारत नाही. प्रेक्षक दिल्याने शेफारते. ज्याच्या प्रश्नाला उत्तर मिळते, ते उत्तर घेऊन खेळायला पळते. ज्याच्या प्रश्नाला टाळ्या मिळतात, ते टाळ्यांसाठी पुन्हा येते. उद्धट बोलणे आणि प्रश्न विचारणे यांतला फरकही लेकराला शिकवता येतो. “हे आत्ता नको, पाहुणे गेल्यावर सांगेन,” असे म्हणण्याचा अधिकार आईबापांना आहे. पाहुणे गेल्यावर मात्र खरोखर सांगितले पाहिजे. दिलेला शब्द पाळणारा बाप पाहिलेल्या मुलाला देवाची वचने खरी मानणे सोपे जाते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. संसाराचे ओझे कोवळ्या खांद्यावर का टाकावे? हसण्या-खेळण्याच्या वयात त्याला गरिबी, आजार, मरण यांची उत्तरे का द्यावीत? पण ओझे आपण टाकत नाही. त्या मुलीने विड्यांचे सूप रोज पाहिले आहे, तंबाखूची धूळ तिच्याही नाकात गेली आहे. ओझे तिच्यावर आधीच आहे. प्रश्न एवढाच, की ते तिने एकटीने वाहावे की आपण त्याला हात लावावा. सगळे सांगावे, असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या बादलीतून लहान तांब्यात पाणी ओततात, तसे सांगावे. तांब्यात मावेल एवढेच ओतावे, पण पाणी तेच असावे. पौलाने इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिताना बापांना बजावले, की मुलांना चिडीस आणू नका. कलस्सैकरांच्या पत्रात त्याने कारणही दिले आहे: मुले खिन्न होतील. विचारलेल्या प्रश्नावर पुन्हा पुन्हा हसे झालेले मूल असेच खिन्न होते, आणि मग विचारायचे सोडून देते.

पवित्र शास्त्र तर लेकराने विचारावे, अशीच अपेक्षा करते. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा विधी ठरला, तेव्हाच सांगून ठेवले गेले, की मुले याचा अर्थ विचारतील, आणि तेव्हा त्यांना काय सांगायचे. यहोशवाने यार्देनेतून बारा धोंडे आणवले, ते मुलांनी विचारावे म्हणून. देवाने आपल्या लोकांची आठवण लेकरांच्या प्रश्नांवर सोपवली. लेकराने विचारले नाही, तर धोंडे नुसतेच धोंडे राहतील.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात याचे एक सुंदर उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांना शाळेचे शिक्षण नव्हते; लिहा-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारल्यावर त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी वडिलांचे चरित्र लिहायचे मनात घेतले आणि आईला आठवणी लिहून काढायला सांगितले. मुलाने विचारले, म्हणून आईने सांगितले. आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ हा मराठीतला थोर ग्रंथ झाला. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्या पुस्तकात लक्ष्मीबाई आपल्या बालपणाला हसतात, बापाच्या कडक सोवळ्याला हसतात, स्वतःच्या भाबडेपणाला तर सर्वांत जास्त हसतात. वाचणाराही खळखळून हसतो आणि तरी त्या लहान मुलीचा अपमान झाला, असे कोठेही वाटत नाही. याचे कारण आमच्या मते हे, की ती गोष्ट जिची होती, तीच ती सांगत आहे. आपल्या बालपणावर हसण्याचा पहिला हक्क ज्याचे बालपण त्याचा. आपण आईबाप फार तर त्या हसण्याचे राखणदार आहोत. उद्या तो मोठा होऊन “मी लहानपणी काय बोलायचो?” असे विचारेल, तेव्हा त्याच्या ओंजळीत घालायला त्या गोष्टी आपल्याजवळ जपलेल्या असाव्यात.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमचे एवढेच सांगणे आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ साली मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक सुरू केले. मराठी लेकराच्या हाती त्याच्या वयाचे वाचन द्यावे, हे आपल्या पूर्वजांना दीडशे वर्षांपूर्वी सुचले होते. तोच मान आज वर्गात द्यावा. मुलाने काही गमतीचे विचारले, तर वर्गाबरोबर मोकळेपणाने हसावे. मग वर्ग शांत करून त्याचा प्रश्न स्वतः पुन्हा उच्चारावा, म्हणजे तो चेष्टेचा नाही हे सर्वांना कळेल. उत्तर येत असेल तर द्यावे. येत नसेल तर “पुढच्या रविवारी सांगेन” म्हणावे आणि वहीत लिहून ठेवावे. आणि ते प्रश्न वर्षातून एकदा पाळकसाहेबांपुढे ठेवावेत. मंडळीत काय चालले आहे, हे त्यांना आमच्या-तुमच्यापेक्षा लेकरांच्या प्रश्नांतून अधिक कळेल.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात शिष्यांनी प्रभूला विचारले, की स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण. तेव्हा प्रभूने एका बालकाला जवळ बोलावले आणि त्यांच्यामध्ये उभे केले. आपणही लेकराला पाहुण्यांच्या मध्ये उभे करतो. दिसायला दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत. पण आपण त्याला उभे करतो ते त्याने आपल्याला करमवावे म्हणून. प्रभूने उभे केले ते मोठ्यांनी त्याच्याकडे पाहून वळावे म्हणून. त्या बालकाला त्याने काही म्हणून दाखवायला सांगितले नाही. बोलायचे ते स्वतः बोलला, आणि तेही मोठ्यांना. त्याच अध्यायात, लहानांतील एकालाही तुच्छ मानू नये, असा इशारा त्याने दिला आहे.

आज संध्याकाळी तुमचे लेकरू चुलीपाशी किंवा अंगणात काहीतरी अफलातून बोलेल. खुशाल हसा, ही देवाची देणगी आहे. मग हातातले काम क्षणभर बाजूला ठेवा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या, आणि त्याला विचारा, “असं का वाटलं रे तुला?” आणि ते जे सांगेल, ते ऐका.